बाइंडरचं सूप

बाइंडरला सूप करता येत नव्हतं, असं म्हणणं म्हणजे त्याची बाजू घेणं झालं. त्याला काहीच करता येत नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्याने गॅस पेटवला तो फक्त पुस्तकं चिकटवायची खळ शिजवायला, तीही बायकोने नेमून दिलेल्या एका काळ्या पातेल्यात. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर चढवायचा आणि डावाने ढवळत राहायचं. मधे फोन वाजो, दार वाजो, आभाळ कोसळो, हात थांबवायचा नाही, नाही तर गुठळ्या होतात. डाव वर काढून बघायचा. त्याच्या पाठीवर लेप चढलेला दिसला, की चिमूटभर तुरटीची पूड टाकायची आणि आच बंद करायची. तुरटीने खळ लवकर आंबत नाही, पुस्तकाला कीड लागत नाही. हे काम त्याने झोपेतसुद्धा केलं असतं. पण स्वतःपुरता चहा करायचा म्हटलं की साखर कुठे असते ते विचारायचा.

आणि विचारायला ती असायचीच. दोघांचं काम एकत्र. बाहेरच्या खोलीत एक लांब टेबल, एका अंगाला तो आणि समोर ती. ती फर्मे, म्हणजे छापील पानांच्या जुड्या, शिवायची, तो पुस्तकाची पाठ चिकटवायचा, पुठ्ठे कापायचा, कापड चढवायचा. बोलायचं खातं मात्र पूर्ण तिच्याकडे. सुई आणि जीभ दोन्ही बरोबरीने चालायच्या. पुस्तक शिवता शिवता मधलंच एखादं पान वाचायची आणि त्यातल्या माणसांना नावं ठेवायची. खालच्या मजल्यावर काल कोण कोणाशी भांडलं त्याचा निकाल द्यायची. त्यालाही सोडायची नाही. इमारतीतली सगळी पोरं त्याला चिकटकाका म्हणायची, ते नाव तिनेच पाडलेलं. तो आपला "हं" म्हणून पुढचा पुठ्ठा ओढायचा. एका "हं"वर आयुष्य निघालं त्याचं. भाग्यवान म्हणायचा, पण तेव्हा त्याला ते कुठे कळत होतं.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. गाठ कापून काढली, आणि दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध द्यायचं ठरलं. लेक लांबून आली, पंधरा दिवस राहिली, आणि तिची दोन लहानगी तिकडे जावयाच्या जिवावर टाकलेली म्हणून रडत रडत परत गेली. पहिल्या औषधानंतर बायकोचे केस गेले. दुसऱ्यानंतर बोलणं गेलं. म्हणजे वाचा गेली असं नाही. विचारलं तर मान हलवायची, पाणी हवं असेल तर पेल्याकडे बघायची. पण स्वतःहून शब्द नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

घरात इतकी शांतता बाइंडरने कधी ऐकली नव्हती. टेबलाच्या पलीकडचं तिचं स्टूल रिकामं, त्याच्यासमोर अर्धवट शिवलेला फर्मा, त्यात तिची सुई तशीच खोचलेली. ती काढून ठेवायचं त्याला धाडस होईना. लोक आधी यायचे, फळं आणायचे, दारातूनच कसं आहे विचारायचे. आजारपण लांबलं तसे पांगले. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, रोज रोज कोण दुसऱ्याच्या दुखण्याला उजाळा देत बसणार? शेवटी त्याने सामानच उचललं. तिने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून खळीचं पातेलं, तुरटीची बरणी, दोऱ्याचं रीळ, सगळं स्वयंपाकघरात आणलं आणि ओट्याजवळ बसून काम करू लागला. हाक काही आली नाही. कापायच्या पुठ्ठ्याला तो "सरळ ये बाबा" असं मोठ्याने म्हणाला, तेव्हा आपण पुठ्ठ्याशी बोलायला लागलो हे त्याच्या लक्षात आलं.

चार दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही, तेव्हा लेकीने फोनवरून सूप शिकवायला घेतलं. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय. बटाटा, गाजर, कांदा, पाणी, मीठ, मिरपूड, बाबा, यात चुकण्यासारखं काही नाही, असं ती म्हणाली. बाबांनी चुकून दाखवलं. पहिल्या दिवशी बटाटे कच्चे राहिले, दुसऱ्या दिवशी पातेलं करपलं. तिसऱ्या दिवशी भाज्या शिजल्या, गाळणीतून खाली उतरल्या, पण वर नुसतं पाणी आणि तळाला गाळ. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला, आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. मैदा! पाण्यात कालवून त्याने मैदा लावला, मंद आचेवर ढवळत राहिला. डावाला लेप चढला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. इतकं एकजीव सूप त्या अख्ख्या इमारतीत कोणाच्या बापाला जमलं नसतं.

वाटी घेऊन तो आत गेला. ती उशीला टेकून बसली, चमच्याचमच्याने प्यायली, वाटी परत दिली. तो दारात उभा राहिला.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. तो ओट्याशी येऊन उभा राहिला, डोळे पुसले, आणि कोणी बघत नाही ना म्हणून उगाच इकडेतिकडे बघितलं. बघायला होतं कोण?

तेव्हापासून रोजचा नेम झाला. एक वाजता सूप, दारात उभं राहणं, "कसं झालंय?", "छान झालंय." चोवीस तासांत दोनच शब्द, पण त्यांच्यावर त्याचा दिवस निघायचा. सकाळी गाजर किसताना तो त्यांची वाट बघायचा, दुपारी पुठ्ठे कापताना ते आठवायचा. साठी उलटलेला माणूस, पण कोणी पाठ थोपटली की पोरासारखा फुगायचा.

फक्त वजनकाटा काही छान म्हणेना. पंचेचाळीस किलो होतं, ते साडेत्रेचाळीसवर आलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवून स्पष्ट सांगितलं, की पुढच्या गुरुवारी बेचाळीसच्या खाली गेलं तर तिसरं औषध देता येणार नाही, शरीराला झेपणार नाही. आणि औषध मधेच थांबवणं बरं नाही. तोंडाला चव आहे का, असंही त्यांनी विचारलं होतं. बायकोने तोंड उघडायच्या आत बाइंडरच बोलला. "हो, हो, सूप अगदी आवडीने पिते." मोठा शहाणा! बायको काट्याकडे बघत राहिली.

त्या गुरुवारला दोन दिवस उरले होते. सकाळी त्याने ग्रंथालयाच्या जाडजूड खंडांसाठी खळ शिजवली. ती निवायला ठेवली, आणि शेजारच्या शेगडीवर सूप चढवलं. हात ढवळत होता, डोकं बेचाळीसच्या आकड्यापाशी अडकलं होतं. आवडीने पिते, मग उतरतंय कसं? आपलंच काही चुकतंय का? डाव वर काढला, पाठीवर लेप चढलेला दिसला, हाताने आपलं काम केलं, गॅस बंद झाला. एक वाजला होता. तो वाटी घेऊन आत गेला.

ती त्या दिवशी फार दमलेली होती. प्रत्येक चमच्यानंतर थांबत होती. मधे एकदा ओठ घट्ट मिटून बसली, पण वाटी संपवली. तो दारात उभा होताच.

"कसं झालंय?"

"छान झालंय," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून पुढे म्हणाली, "मीठ अगदी बरोबर."

आज दोनाचे पाच शब्द झाले. बाइंडर तरंगतच स्वयंपाकघरात आला. अंगात आलेला हुरूप असा, की रोज सकाळचा शिळा पाव चहात बुडवून खाणारा हा माणूस, आज त्याने उरलेलं सूप स्वतःसाठी वाटीत ओतलं. पहिला चमचा तोंडात घातला आणि त्याचे गाल आतल्या आत ओढले गेले. जीभ टाळूला चिकटली. त्याने ते बेसिनमध्ये थुंकलं आणि ओट्याकडे बघितलं. मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट लावलेलं. तुरटीची बरणी उघडी.

आजारी बाईला आपण तुरटी पाजली! आतड्याला टाके पडलेल्या बाईला! पूर्वी खळीत मोरचूद घालायचे, निळंशार विष ते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोने ती बाटली उचलून दाराबाहेर ठेवली होती, या घरात एक तर ही राहील नाही तर मी, असं म्हणून. तेव्हा तो तिच्यावर रागावला होता. ती तशी हट्टाला पेटली नसती तर आज काय झालं असतं, या विचाराने त्याला दरदरून घाम फुटला. पायात चप्पल न घालता तो चार जिने उतरून खालच्या औषधवाल्याकडे गेला.

औषधवाला शांत माणूस. त्याने आधी बाइंडरला बसवलं, पाणी दिलं, मग किती, कधी, किती पाण्यात, ते विचारलं. चिमूटभर ना? मग काही होत नाही, काका. लोक गढूळ पाण्यात फिरवतात की तुरटी. तोंड तेवढं आखडेल, जरा जास्त पाणी द्या, आणि मनाच्या समाधानासाठी दवाखान्यात एक फोन करा. पण त्यांनी ते गिळलं कसं, मला तेच नवल वाटतंय, असं म्हणून औषधवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाइंडर जिना चढायला लागला. पहिला मजला सुटकेच्या निःश्वासात गेला. वाचलो बुवा. दुसरा मजला स्वतःला शिव्या घालण्यात गेला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा पाय थांबला.

मीठ अगदी बरोबर, असं म्हणाली ती.

मीठ नव्हतंच त्यात. एक कणही नव्हता. तो पायरीवर बसला. तिसऱ्या मजल्यावरची बाई कचरा टाकायला बाहेर आली, काका, काय झालं, असं विचारू लागली. गुडघा धरलाय, म्हणाला तो. ती आत गेली आणि तो बसून राहिला. मग काल? परवा? ज्या दिवशी मिरपूड जास्त पडून त्यालाच भाज्या गाळताना शिंका आल्या होत्या, त्या दिवशीही छानच झालं होतं. एकाही दिवशी मीठ कमी नाही, तिखट जास्त नाही. ज्या बाईने चौतीस वर्षं हॉटेलातल्या सुद्धा प्रत्येक घासाला नावं ठेवली, तिला दहा दिवस सगळंच छान लागतंय, आणि याला शंका येऊ नये! त्या दोन शब्दांवर तो जगत होता, आणि ते दोन्ही खोटे होते. त्याला रागही आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. घरात दोघं राहत होती, पण दहा दिवस दोघंही एकटीच होती.

तो वर गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या पाठीमागे बसला. बोलायची सवय नसलेल्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून जे होतं तेच म्हणाला.

"आज सुपात मीठ नव्हतं."

त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"माझ्या हातून तुरटी पडली. मीठ घालायचं राहूनच गेलं."

ती सावकाश वळली. त्याच्याकडे बघू लागली. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तसं नाही, उलट डोक्यावरचं ओझं कोणी उतरवून घेतल्यावर बघतो तसं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या औषधापासून. काहीच लागत नाही हो. पाणी, सूप, गोळ्या, सगळं एकच. तोंडात पुठ्ठा भिजत घातलाय असं वाटतं."

"मग छान कशाला म्हणत होतीस?"

"तुम्ही दारात उभे राहायचात," ती म्हणाली. "हातात डाव. त्या तोंडाला मी काय सांगायला हवं होतं?"

त्याने तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, ते आधीच नीट होतं. एक वाटी कशीबशी ढकलते, दुसरी जात नाही, हेही तिने सांगितलं. एका वाटीच्या वर त्यानेही कधी दिलं नव्हतं. छान झालंय म्हटल्यावर त्यात आणखी काय बदलायचं होतं?

"तुरटी किती पडली?" तिने विचारलं.

"चिमूटभर."

"चला, म्हणजे मला आता कीड लागायची नाही."

कितीतरी दिवसांनी तिने थट्टा केली होती. बाइंडर हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला, की तिने हात पुढे करून त्याचा खळ वाळलेला अंगठा धरून ठेवला. तिच्या हातात जोर असा नव्हताच. तो तसाच वाकून बसून राहिला, पाठ दुखायला लागली तरी.

मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. दुधाच्या वासानेसुद्धा ही बाई लहानपणापासून नाक मुरडायची. पण आता?

"दुधाची पावडर घातली तर तुला कळेल?"

"घाला, काय घालायचं ते घाला," ती डोळे मिटून म्हणाली. "गाढवाला गुळाची चव काय."

त्याने दवाखान्यात फोन लावला. नर्सने आधी तुरटीचं ऐकून घेतलं, घाबरू नका म्हणाली, आणि मग चवीचं ऐकून चांगलंच फैलावर घेतलं. हे आधी सांगायचं नाही का, विचारलं होतं तेव्हा काय झालं होतं? बाइंडरने सगळं ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं तसं त्याने कागदावर लिहून काढलं. एकदम वाटीभर नको, दर दोन तासांनी अर्धा कप. त्यात दुधाची पावडर, लोणी, अंड्याचा बलक. तुरटीची बरणी त्याने उचलली आणि बाहेरच्या खोलीतल्या फळीवर नेऊन ठेवली.

पुढचे दोन दिवस घड्याळाच्या काट्यावर गेले. आठ, दहा, बारा, दोन. तो कप न्यायचा, ती नाक न मुरडता प्यायची, तो कप परत आणायचा. दारात उभं राहणं त्याने सोडून दिलं. विचारायचं काय आणि ती सांगणार काय? थट्टेपुरतं जे बळ तिला आलं होतं ते त्याच दुपारी संपलं, ती पुन्हा भिंतीकडे वळली. आता घरात ते दोन शब्दही उरले नाहीत. खोटे असले तरी ते बोलणं होतं, आणि त्याला त्यांची इतकी आठवण यायची, की कप धुताना तो नळ जरा जास्तच मोठा सोडायचा. खरं कळल्यावर माणूस जवळ येतो म्हणतात. येतही असेल, पण त्याला वेळ लागतो, आणि तोवरचे तास एकट्यानेच काढावे लागतात.

गुरुवारी नर्सने तिला काट्यावर उभं केलं. बाइंडर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला, त्याला आकडा बघवेना. बेचाळीस आणि वर दोनशे ग्रॅम, असं नर्सने वाचलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण सोमवारी औषध देऊ म्हणाल्या. काठावर का होईना, पास झाली होती. परत येताना रिक्षात ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. चार जिने चढायला दोघांना पाऊण तास लागला.

चार वाजता त्याने कप नेला. ती उशीला टेकून बसली होती. दोन्ही तळव्यांत कप धरून तिने पहिला घोट घेतला, आणि दिवसभराच्या धावपळीत भान सुटलेल्या बाइंडरच्या तोंडून निघून गेलं, "कसं झालंय?"

त्याने जीभ चावली. राहू दे, राहू दे, असं पुटपुटत तो मागे सरकला. पण तिने हातानेच त्याला थांबवलं. तिने दुसरा घोट घेतला, लगेच गिळला नाही, तोंडात धरून ठेवला. ती खरंच शोधत होती. कपाळावर आठी पडली होती, उसवलेल्या फर्म्यात सुटलेला टाका हुडकताना पडायची तशी.

"गरम आहे," ती म्हणाली. "तेवढं कळतंय."

तिने कप संपवून पुढे केला. तो स्वयंपाकघरात गेला आणि पातेल्यात उरलेलं होतं ते पुन्हा तापवायला ठेवलं.